तासन् तास कॉम्प्युटरसमोर बसता? डोळ्यांचं नेमकं काय बिघडतं आणि काय करायचं

दुपारी चारनंतर स्क्रीनवरची अक्षरं अंधुक व्हायला लागतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, भुवयांच्या वर ठणकतं, आणि डोळे कोरडे पडलेत म्हणावं तर मधूनच पाणीही येतं. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत बसणारे असोत, तालुक्याच्या सेतू केंद्रात दिवसभर दाखले काढून देणारे असोत की छापखान्यात डीटीपी करणारे, तक्रार सगळ्यांची सारखीच. डॉक्टर तिला 'डिजिटल आय स्ट्रेन' किंवा 'कॉम्प्युटर व्हिजन सिंड्रोम' म्हणतात.

या तक्रारीवर बहुतेक जण दोन गोष्टी विकत घेतात. एक, निळा प्रकाश अडवणारा 'ब्लू कट' चष्मा. दोन, मेडिकलमधून विचारून आणलेले ड्रॉप्स. पहिल्याचा या त्रासावर फारसा उपयोग नाही, आणि दुसऱ्यातले काही ड्रॉप्स चक्क धोकादायक आहेत. म्हणून आधी डोळ्यांत नेमकं काय होतं ते पाहू. ते कळलं की निम्मे उपाय आपोआप सुचतात आणि बरेच पैसेही वाचतात.

एक दिलासा आधीच देऊन ठेवतो. मोठ्या माणसांचे डोळे स्क्रीनकडे बघून कायमचे खराब होतात, याला पुरावा नाही. त्रास खरा आहे, पण तो थकव्याचा आणि कोरडेपणाचा आहे.

पापणी मिटायची राहून जाते

एरवी गप्पा मारताना आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. त्यातही बऱ्याचदा पापणी अर्धीच खाली येते आणि परत वर जाते. आपल्याला याचा पत्ताही नसतो.

एवढ्याशा गोष्टीने काय होतं? बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यात तळाशी चिकट श्लेष्मा, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा तवंग. लोणच्याच्या बरणीत वर तेल असतं तसाच हा तवंग खालच्या पाण्याचं रक्षण करतो, ते उडून जाऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं, आणि पापणी पूर्ण मिटली तरच ते नीट पिळलं जाऊन डोळ्यावर पसरतं. पापण्या कमी मिटल्या, अर्धवट मिटल्या, की तवंग विरळ होतो, पाणी उडून जातं आणि डोळ्याचा पृष्ठभाग जागोजागी उघडा पडतो. तिथे भरपूर मज्जातंतू आहेत, म्हणून ते खुपणं आणि जळजळ. मग डोळा घाबरून एकदम पाणी सोडतो. हे पाणी भरपूर असलं तरी त्यात तेल पुरेसं नसतं, त्यामुळे ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडाच. 'डोळ्यांतून पाणी येतं म्हणजे कोरडेपणा नाही' हा समज यामुळेच चुकीचा आहे.

अंधुक दिसण्याचंही बरंचसं कारण इथेच आहे. प्रकाश डोळ्यात शिरताना सगळ्यात आधी या अश्रूंच्या थरातून जातो. तो खडबडीत झाला की चित्र पुसट होतं. घरच्या घरी एक साधी पारख करता येते: अक्षरं अंधुक झाली की दोन-तीनदा पापण्या नीट मिटा. लगेच स्पष्ट दिसलं तर बहुधा कोरडेपणा. काहीच फरक पडला नाही तर चष्म्याच्या नंबरकडे बघायला हवं.

आता आपल्या ऑफिसांची रचना आठवा. एसीचा झोत थेट तोंडावर, नाहीतर टेबलावर डोळ्यांच्या उंचीला पंखा. कपडे वाळवायला हीच व्यवस्था उत्तम. झोताची दिशा बदला, पंखा पायांकडे वळवा किंवा बसायची जागा बदला. कित्येकांचा त्रास एवढ्यानेच बराच कमी होतो. दुसरं म्हणजे मॉनिटरची उंची. स्क्रीन वर असेल तर डोळे जास्त उघडे राहतात आणि जास्त कोरडे पडतात. खाली बघताना पापणी अर्धी उतरलेली असते आणि डोळा झाकला जातो. म्हणून मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, आणि मधला भाग नजरेच्या रेषेपेक्षा १५ ते २० अंश खाली.

पापण्या मिटायची सवय मुद्दाम लावावी लागते. डोळे हलकेच मिटा, दोन सेकंद तसेच ठेवा, थोडे दाबून मिटा, मग उघडा. असं तासातून एकदा आठ-दहा वेळा. सहकाऱ्यांना वाटेल डुलकी लागली, वाटू द्या. पापण्यांच्या कडा जड वाटत असतील, सकाळी चिकट होत असतील तर स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवावा. घट्ट झालेलं तेल त्याने सुटं होतं. रुमाल गार झाला की पुन्हा बुडवायचा. काकडीच्या चकत्यांनी गार वाटतं हे खरं, पण तेलाच्या ग्रंथींना गारवा नाही, ऊब लागते.

कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो. दिवसभर स्क्रीनचं काम असेल त्या दिवशी चष्मा लावणं केव्हाही बरं. लेसरने नंबर काढलेल्यांना पहिले काही महिने कोरडेपणा जास्त असतो. ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनोइन यांनीही डोळे सुकतात, तेव्हा डॉक्टरांना चालू असलेली औषधं जरूर सांगा.

चाळिशी आणि मॉनिटर

जवळचं बघताना डोळ्यातल्या भिंगाला फुगावं लागतं, आणि ते काम सिलिअरी नावाचा एक छोटा स्नायू करतो. लांब बघितलं की तो सैल पडतो. दिवसभर ६० सेंटीमीटरवर बघणं म्हणजे दिवसभर हात किंचित उचलून धरणं. वजन काही नाही, पण तासाभराने हात भरून येतोच. मॉनिटर साधारण हातभर लांब, म्हणजे ५० ते ७० सेंटीमीटरवर असावा. अक्षरं वाचायला पुढे झुकावं लागत असेल तर मान पुढे करू नका, अक्षरं मोठी करा.

लॅपटॉपचा घोळ असा की त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. एक नीट ठेवला की दुसरा चुकतो. रोज पाच-सहा तास काम असेल तर लॅपटॉपखाली स्टँड, नाही तर जाड पुस्तकं ठेवून वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडणं हा पैसे वसूल करणारा खर्च आहे.

चाळिशी उलटलेल्यांसाठी खास मुद्दा. मराठीत वाचायच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात, कारण त्या वयाच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होऊन जवळचं दिसेनासं होतं. पण वाचायचा चष्मा ३५ ते ४० सेंटीमीटरसाठी, म्हणजे हातातल्या पेपरासाठी बनवलेला असतो. मॉनिटर त्याहून लांब असतो. मग माणूस नकळत पुढे झुकतो आणि दुखते मान. प्रोग्रेसिव्ह काचांमध्ये जवळचा भाग काचेच्या तळाशी असल्यामुळे लोक हनुवटी वर करून स्क्रीन वाचतात, तेव्हाही मानच दुखते. अशांनी डॉक्टरांना मॉनिटरच्या अंतरासाठी वेगळा चष्मा मागावा. युरोपीय समुदायाने १९९० सालीच नियम केला की स्क्रीनवर काम करणाऱ्यांची डोळेतपासणी आणि गरज असल्यास त्या कामाचा खास चष्मा मालकाच्या खर्चाने व्हावा. आपल्याकडे कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीत डोळ्यांची तपासणी आहे का, हे एचआरला विचारून बघायला हरकत नाही.

छोटा नंबर आहे म्हणून चष्मा न लावणं, ही आपल्याकडची फार पसरलेली सवय. अर्ध्या नंबराचा सिलिंड्रिकल दोषसुद्धा आठ तासांच्या कामात डोकं दुखवू शकतो. 'चष्मा लावला की नंबर वाढतो' हा समज तर निव्वळ चुकीचा आहे. न लावल्याने नंबर कमी होत नाही, फक्त त्रास वाढतो.

२०-२०-२० चा नियम कितपत खरा?

दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद बघायचं. हा नियम जेफ्री आन्शेल या अमेरिकन नेत्रतपासनीसाने १९९० च्या दशकात लोकांना लक्षात राहावा म्हणून सोप्या आकड्यांत बसवला. २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर, हे अंतर बरोबर आहे, तिथे बघताना सिलिअरी स्नायू जवळपास पूर्ण सैल पडतो. पण २० मिनिटं आणि २० सेकंद हे आकडे प्रयोगशाळेतून आलेले नाहीत. पुढे झालेल्या अभ्यासांचे निष्कर्षही संमिश्र आहेत: स्क्रीनवर आठवण आल्याने काहींचा त्रास कमी झाला, तर २० सेकंदांच्या सुट्टीने काहीच फरक पडला नाही असंही दिसलं. माझ्या मते आठवणीची घंटी म्हणून नियम चांगला आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. दर तासाला चार-पाच मिनिटं खुर्चीतून उठणं अधिक कामाचं. पाण्याची बाटली मुद्दाम लांब ठेवा, म्हणजे उठावंच लागेल.

कल्पना मात्र नवी नाही. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली निरनिराळ्या कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात बारीक काम करणाऱ्या कारागिरांची नजर अधू होते असं नोंदवून त्यांनी सल्ला दिला की मधूनमधून काम थांबवून नजर दुसऱ्या वस्तूंकडे वळवावी. तेव्हा ना वीज होती, ना स्क्रीन. कारागिरांचा त्रास आजच्या ऑफिसातल्या त्रासाशी इतका जुळतो, यावरूनच कळतं की दोष पडद्याच्या किरणांपेक्षा एकटक जवळ बघण्यात आहे.

आणि चहाच्या सुट्टीत मोबाईल काढला तर ती डोळ्यांची सुट्टी नव्हे. मॉनिटर ६० सेंटीमीटरवर होता, मोबाईल आपण ३० सेंटीमीटरवर धरतो, म्हणजे काम वाढलं. खिडकीतून समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे बघा, चालेल.

ब्लू कट चष्म्याचं काय?

दुकानात निळा लेसर काचेवर मारून दाखवतात, काच तो अडवते, आणि आपण काही पैसे जास्त देऊन येतो. काच निळा प्रकाश अडवते हे खरंच आहे. प्रश्न असा की त्या प्रकाशाने डोळे थकतात का? वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष असा की साध्या काचेच्या तुलनेत अशा काचांनी स्क्रीनमुळे येणारा ताण, निदान अल्प काळात, बहुधा कमी होत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटनाही कॉम्प्युटरसाठी अशा चष्म्याची शिफारस करत नाही. दिवसा उघड्यावर सूर्याकडून येणारा निळा प्रकाश स्क्रीनच्या कित्येक पट जास्त असतो, हेही ध्यानात घ्या.

ब्रिटनमध्ये या जाहिरातबाजीची किंमतही मोजावी लागली आहे. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांच्या पडद्याला इजा होते अशा अर्थाची जाहिरात बूट्स ऑप्टिशियन्सने २०१५ मध्ये केली होती. ती दिशाभूल करणारी ठरली, आणि २०१७ मध्ये जनरल ऑप्टिकल कौन्सिल या तिथल्या नियामक संस्थेने कंपनीला ४० हजार पौंड दंड केला.

ब्लू कट चष्मा आधीच घेतला असेल तर टाकून द्यायची गरज नाही, त्याने अपायही होत नाही. फक्त तो लावला म्हणून सुट्टी घेणं सोडू नका. प्रतिबिंब न पडणाऱ्या काचेचं, म्हणजे 'अँटी-रिफ्लेक्शन' कोटिंगचं प्रकरण वेगळं. ट्यूबलाइटची चमक त्याने कमी होते आणि ते घ्यायला हरकत नाही. रात्री उशिरापर्यंत झगझगीत स्क्रीन बघितल्याने झोप लांबते हे मात्र खरं आहे. त्यावर चष्म्यापेक्षा झोपण्याआधी तासभर स्क्रीन बंद करणं हा सरळ उपाय.

प्रकाशाबद्दल दोनच गोष्टी. खिडकी तुमच्या पाठीमागे किंवा मॉनिटरच्या मागे नको, बाजूला हवी. आणि स्क्रीनवरचं पांढरं पान आजूबाजूच्या कागदाइतकंच उजळ दिसावं; ते दिव्यासारखं चमकत असेल तर ब्राइटनेस कमी करा. डार्क मोड ही आवडीची बाब आहे. सिलिंड्रिकल नंबर असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरं उलट फुटल्यासारखी दिसतात.

मेडिकलमधले ड्रॉप्स: इथे खरा धोका

'डोळे लाल झालेत, काहीतरी द्या' म्हटल्यावर काउंटरवरून जी बाटली मिळते, तिच्यात काय आहे हे वाचणारे थोडेच. या बाटल्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार कृत्रिम अश्रूंचा. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायल्युरोनेट अशी नावं लेबलवर दिसतील. कोरडेपणासाठी हे सुरक्षित आहेत. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर बिनप्रिझर्व्हेटिव्हचे मागा, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराईड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेल्यास स्वतःच डोळ्याला त्रास देतं. बाटली फोडल्यावर साधारण महिन्याभरात टाकून द्यावी. नेमकी मुदत लेबलवर असते. फोडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहून ठेवा.

दुसरा प्रकार लाली घालवणारा. यात नॅफाझोलिनसारखं रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं. डोळा काही मिनिटांत पांढराशुभ्र होतो, कोरडेपणा होता तिथेच राहतो. आणि रोज वापरल्यावर औषधाचा असर उतरला की लाली आधीपेक्षा वाढते. मग पुन्हा ड्रॉप्स, असं चक्र सुरू.

तिसरा प्रकार सगळ्यात घातक, कारण तो सगळ्यात छान वाटतो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही स्टेरॉइड आहेत. पुष्कळदा ती अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतात, त्यामुळे 'इन्फेक्शनचे ड्रॉप्स' म्हणून खपतात. खाज, जळजळ, लाली दोन दिवसांत गायब. म्हणून माणूस दर वेळी तीच बाटली आणतो, घरच्यांनाही देतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधं मोलाची आहेत, पण महिनोन् महिने आपल्या मनाने घातली तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब दुखत नाही. कडेची नजर हळूहळू जाते, समोरचं दिसत राहतं, आणि लक्षात येईपर्यंत काचबिंदूने बरंच नुकसान केलेलं असतं. ते परत येत नाही. अशा ड्रॉप्समुळे मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो, तो निदान शस्त्रक्रियेने काढता येतो. घरात अर्धवट वापरलेल्या बाटल्या असतील तर आजच त्यांची लेबलं वाचा. वरच्यापैकी एखादं नाव दिसलं आणि डॉक्टरांनी सध्या दिलेलं नसेल तर ती बाटली पुन्हा वापरू नका. बरेच दिवस घालून झाली असेल तर डोळ्यांचा दाब मोजून घ्या.

गुलाबजल, मध, तूप डोळ्यात घालण्याबद्दलही तेच. त्वचेसाठीच्या गुलाबजलाची बाटली निर्जंतुक नसते. डोळ्यांत नळाच्या पाण्याचे हबके मारायची सवय असेल तर पापण्या मिटून मारा. उघड्या डोळ्यांवर मारले तर उरलेले अश्रूही धुऊन जातात. कॉन्टॅक्ट लेन्स घातलेली असताना तर पाणी अजिबात नको, पाण्यातल्या अकँथअमीबा नावाच्या जीवाने बुबुळाला फार वाईट संसर्ग होऊ शकतो.

मुलांचा प्रश्न वेगळा

वाढत्या वयात डोळा लांबट होऊन दूरचं अंधुक दिसणं, म्हणजे मायोपिया, ही खरी चिंता आहे. जवळचं काम आणि उघड्यावर कमी वेळ, दोन्हींचा त्याच्याशी संबंध दिसतो. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीचा मैदानी तास ठेवून बघितला. तीन वर्षांनंतर त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना मायोपिया झाला, तर नेहमीच्या शाळांतल्या सुमारे ४० टक्क्यांना. मोबाईल हिसकावून मूल घरातच बसवलं तर काम अर्धंच झालं, त्याला अंगणात किंवा मैदानावर पाठवायला हवं.

कॉम्प्युटरवर ढकलू नये अशी लक्षणं

'स्क्रीनमुळे होतंय' म्हणत लोक जे दुखणं अंगावर काढतात, त्यात काही गंभीर आजार दडलेले असतात. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखे चमकारे दिसले, बाजूने पडदा सरकल्यासारखी सावली आली, तर पडदा सुटत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. एका डोळ्यात तीव्र दुखणं, लाली, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि मळमळ हेही तातडीचं. एकाएकी कमी दिसणं किंवा एकाचे दोन दिसणं स्क्रीनच्या थकव्यात मोडत नाही. मधुमेह असेल तर काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी हवी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट न बघता दाब मोजून घ्यावा.

चष्म्याच्या दुकानात मशीनपुढे हनुवटी टेकवून निघतो तो फक्त नंबर. डोळ्याचा दाब आणि मागचा पडदा तिथे सहसा तपासला जात नाही, त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडेच जावं लागतं. जाताना मॉनिटर डोळ्यांपासून किती सेंटीमीटरवर आहे हे टेपने मोजून, लिहून न्या, जुना चष्मा आणि वापरात असलेले सगळे ड्रॉप्स पिशवीत टाका. पडदा बघण्यासाठी बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालतात आणि पुढचे काही तास जवळचं अंधुक दिसतं, तेव्हा त्या दिवशी गाडी चालवत जाऊ नका आणि संध्याकाळी डेडलाइनही ठेवू नका.